घड्याळजी : एका मावळत्या कारागिरीची कथा

माझ्या वडिलांनी १९७६ साली घेतलेले 'एचएमटी जनता' हे घड्याळ त्यांच्या निधनानंतर माझ्या वाट्याला आले. ते शाळामास्तर होते. सकाळची प्रार्थना आटोपली की घड्याळाला किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम चाळीस वर्षांत चुकला नाही. बीड जिल्ह्यात माझी नेमणूक झाल्यावर एके दिवशी ते बंद पडले. ते विश्वासाने कोणाच्या हाती द्यावे, याचा शोध घेता घेता एका व्यवसायाचा इतिहासच माझ्यापुढे उलगडत गेला.

यांत्रिक घड्याळाचे ख्रिस्ती मठांशी असलेले नाते जुने आहे. प्रार्थनेचे प्रहर पाळण्याची निकड मठवासीयांना होती. इंग्रजीतील 'क्लॉक' हा शब्ददेखील घंटा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. येशूसंघीय धर्मगुरू मातेओ रिची १५७८ साली गोव्यास उतरले आणि पुढे चीनला गेले. १६०१ साली त्यांनी पेकिंगच्या सम्राटास ठोके देणारी घड्याळे भेट दिली. ती चालू ठेवणारे हात दरबारात नव्हते. म्हणून या परदेशी धर्मगुरूंना राजवाड्यात प्रवेश मिळत राहिला. घड्याळ देणे सोपे असते. ते चालते ठेवणाऱ्यालाच घरात जागा मिळते, हा त्या प्रसंगाचा बोध होय.

आपल्याकडे फार काळ घड्याळ म्हणजे विलायती वस्तू. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड ही नावे मुंबईच्या पेढ्यांवरून गावोगावी पोहोचली. १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचे उत्पादन सुरू झाले आणि शिक्षक, तलाठी, कंडक्टर यांच्या मनगटावर घड्याळ आले. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत पडली. ते मिळाले नाही म्हणून झालेले रुसवेफुगवेही वाचकांना ठाऊक असतील. घड्याळाबरोबरच घड्याळजीही आला. बाजारपेठेतील एखाद्या दुकानाची पायरी, काचेची पेटी, डोळ्याला लावलेले भिंग आणि चिमटा, एवढाच त्याचा संसार. ही विद्या बहुधा शाळेत नव्हे, तर उस्तादाच्या शेजारी बसून मिळत असे.

तिची गरज किती होती, हे एका हिशेबावरून कळेल. 'जनता'सारख्या घड्याळातील बॅलन्स ताशी १८,००० ठोके देतो. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. इतक्या घर्षणात तेल वाळते, धूळ साचते. म्हणून चार-पाच वर्षांनी प्रत्येक भाग सुटा करून, धुऊन, पुन्हा तेलाचा थेंब देऊन जुळवावा लागतो.

पुढे काळ फिरला. १९६९ साली जपानमध्ये सायकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. १९८७ पासून टायटनने ते भारतात घरोघरी नेले. बॅटरी बदलली की काम भागू लागले. नवे घड्याळ दुरुस्तीपेक्षा स्वस्त झाले. २०१६ साली एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली. नवे सुटे भाग दुर्मीळ झाले. आता बंद पडलेल्या घड्याळांतून काढलेल्या भागांवरच जुनी घड्याळे जगतात. दुसरीकडे जुन्या घड्याळांचा शौक वाढला आणि त्याबरोबर तबकडी रंगवून, भलतेच भाग बसवून 'अस्सल' म्हणून विकणेही वाढले.

मलाही याचा अनुभव आला. एका मोठ्या शहरातील दुकानाने महिनाभर घड्याळ ठेवून घेतले, भरपूर पैसे घेतले. पंधरा दिवसांत ते पुन्हा थांबले. अखेर आमच्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक वयोवृद्ध घड्याळजी भेटले. त्यांनी माझ्यासमोर घड्याळ उघडले, भिंग माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "फादर, घड्याळ मेलेलं नाही. जुनं तेल धुतलंच नाही. वरून नवं सोडलंय."

मग त्यांनी मागच्या झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या : ८३, ९१, २००२. ज्याने काम केले त्याने साल कोरायचे, ही या कारागिरांची जुनी रीत. वडिलांनी कधी न सांगितलेला घड्याळाचा इतिहास तिथे होता. शहरातील दुकानाची खूण मात्र नव्हती. न केलेल्या कामाची खूण कोण करील?

आठ दिवसांनी या, चालवून पाहा, मग पैसे द्या, असे ते म्हणाले. घेतले साडेतीनशे रुपये. प्रामाणिक कारागीर ओळखण्याच्या कसोट्या मला तिथेच मिळाल्या : तो आपल्यासमोर घड्याळ उघडतो, दोष दाखवतो, बदललेला जुना भाग परत देतो आणि घड्याळ काही दिवस चालवून पाहिल्यावाचून हातावेगळे करीत नाही.

त्यांच्याकडे शिकणारे आज कोणी नाही. मुलगा मोबाईलचे दुकान चालवतो. निघताना मी झाकणावरील नवी खूण पाहिली आणि मनात आले, पुढची खूण कोण कोरणार? आपल्या घरातील कपाटात एखादे थांबलेले घड्याळ असेल, तर वाचकहो, ते असा हात हयात आहे तोवर बाहेर काढावे. मी आता रोज सकाळी प्रार्थनेनंतर त्याला किल्ली देतो.