स्पर्शबंदी आणि गणित : हाताने शिकण्याच्या हक्काचा इतिहास



"आमच्या पोराचं डोकं गणितात चालत नाही." वस्तीत फिरताना हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकते, बापाच्या तोंडून ऐकते आणि दुसरी-तिसरीतल्या पोराच्या तोंडूनही ऐकते. शाळेतले गुरुजी तेच जरा सभ्य भाषेत सांगतात. कोणते डोके चालते आणि कोणते चालत नाही, हे या देशात जन्मावरून ठरवण्याची परंपरा जुनी आहे. म्हणून हे वाक्य निरागस नाही. त्याला इतिहास आहे आणि तो आपण तपासला पाहिजे.

आज प्राथमिक शिक्षणात 'कृतियुक्त गणित' हा शब्द प्रचलित आहे. काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, खोट्या नोटा, मापे, वर्गात मांडलेले गणिताचे कोपरे. अनेकांना हा लहान मुलांचा खेळ वाटतो, चळवळीशी त्याचा संबंध काय असे वाटते. माझे म्हणणे असे की, संबंध थेट आहे. हाताने गणित शिकणे म्हणजे वस्तूला हात लावून शिकणे. आणि आपल्याला नेमका हातच लावू दिला जात नव्हता.

हिशेब कोणाच्या हातात होता?

इंग्रजी अमलाच्या आधी आणि नंतरही बराच काळ महाराष्ट्रात पंतोजीच्या शाळा होत्या. मुले धुळपाटीवर बोटाने आकडे गिरवीत आणि पाढे घोकीत. नुसते दोन ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करवून घेतले जात. हे शिक्षण कशासाठी होते? कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही, दुकानदाराचा गल्ला यांसाठी. ज्या जातींनी हिशेब ठेवायचा त्यांच्या मुलांसाठी ती शाळा होती. ज्यांच्या नावावर कर्ज लिहिले जायचे, त्यांच्या मुलांना तिथे जागा नव्हती. अस्पृश्यांना तर दारही नव्हते.

याचा परिणाम काय झाला ते 1875 साली दिसले. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे व वह्या मागून घेऊन जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. जाळणारे बहुतांश कुणबी शेतकरी होते. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता, ही गोष्ट लक्षात घ्या. जो हिशेब वाचता येत नाही, तपासता येत नाही, त्याच्याशी भांडण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जाळणे.

महात्मा फुले यांना हे दुखणे नेमके कळले होते. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात काय असावे ते सांगितले. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, त्यानंतर हिशेब, मग इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, आरोग्य आणि नीती. हिशेब यादीत सुरुवातीलाच आहे. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या जोतिरावांना आकडा कोणाच्या बाजूने उभा राहतो हे पक्के ठाऊक होते.

फळ्यामागचे डबे

सरकारी शाळेचे दार उघडले तरी स्पर्शबंदी संपली नाही. बाबासाहेबांनी सातारच्या शाळेतले अनुभव स्वतः लिहून ठेवले आहेत. बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि घरी न्यायचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. पाणी शिपायाने वरून ओतले तरच मिळायचे.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ गेले तर अन्न बाटेल म्हणून ती मुले धावत गेली आणि डबे बाजूला काढले.

हा प्रसंग आपण अपमानाची कथा म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण शिक्षणाच्या अंगानेही तो वाचला पाहिजे. पाटी, खडू, फळा, माप, तराजू ही शिकण्याची साधने आहेत. ज्या मुलाला ती मोकळेपणाने हाताळता येत नाहीत, त्याला दुरून ऐकून आणि मनात धरून शिकावे लागते. बाबासाहेब तसेही शिकले, ही त्यांची असामान्यता. पण असामान्य असणे ही सामान्य मुलासाठी अट कशी असू शकते? व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या साधने काढून घेतली आणि मग म्हणाली, यांचे डोके चालत नाही.

बाबासाहेबांच्या गुरूंचे गणितावरचे पुस्तक

कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात बाबासाहेबांना जॉन ड्युई हे प्राध्यापक लाभले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या 1936 च्या ग्रंथात त्यांनी ड्युईंचे ऋण मान्य केले आहे. ड्युईंची लोकशाहीवरची मांडणी आपले अभ्यासक वाचतात. पण ड्युईंनी जेम्स मॅक्लेलन यांच्यासोबत 1895 साली 'संख्येचे मानसशास्त्र' या विषयावर पुस्तक लिहिले, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शिकागोत प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तिथे मुले स्वयंपाक, सुतारकाम आणि विणकाम करता करता मोजायला शिकत.

त्या पुस्तकाचा गाभा असा : संख्या वस्तूत चिकटलेली नसते आणि घोकून डोक्यात उतरत नाही. माणसाला काही मोजण्याची गरज पडते, त्या मोजण्याच्या कृतीतून संख्या जन्मते. म्हणजे मुलापुढे मणी ठेवले की गणित आले, असे नाही. 'हे किती', 'पुरेल का', 'जास्त कोणाला मिळाले' हे प्रश्न मुलाचे स्वतःचे झाले पाहिजेत. आपल्या समाजाला हे प्रश्न नवे नाहीत. बलुत्यात किती पायल्या आल्या आणि किती यायला हव्या होत्या, हा हिशेब आपल्या आजोबांनी लिहिता येत नसतानाही ठेवला. आपल्या म्हाताऱ्या 'तीन विसा नि पाच' म्हणत पासष्ट मोजायच्या. गणित होते, नव्हती ती पाटी.

हात विचारासाठी की धंद्यासाठी?

इथे एक सावधगिरी हवी. 'हाताने शिकणे' या शब्दामागे आपल्याला फसवणारी वाटही आहे.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची 'नई तालीम' पुढे आली. टकळीवर सूत काढायचे, तार मोजायचे, त्यातून गणित शिकायचे. हातकामाला प्रतिष्ठा देणे ही तिची चांगली बाजू. पण मुलांनी तयार केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, असाही तिचा आग्रह होता. म्हणजे मुलाचा हात विचार करण्याआधी उत्पादनाला जुंपला.

1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी याहून पुढचे पाऊल टाकले. ग्रामीण प्राथमिक शाळेची वेळ दिवसाला तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार यांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, म्हणून उघडे पाडले आणि रान उठवले. 1954 मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली.

दोन्हींतून धडा एकच. चांभाराच्या मुलाने पायाचे माप घेऊन गणित शिकावे यात गैर काही नाही; त्याने चपलाच शिवाव्यात म्हणून ते शिकावे, हे गैर आहे. कृती ही बीजगणितापर्यंत नेणारी शिडी असली पाहिजे. शिडीच्या पहिल्या पायरीवर मुलाला बसवून ठेवणारी कृती म्हणजे नव्या शब्दांतली जातच.

वस्तीपर्यंत गेलेली शाळा

मारिया मॉंटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले. मण्यांतून एकक, दशक, शतक हाताने समजून घेण्याची त्यांची साधने जगभर गेली. आपल्याकडे मात्र मॉंटेसरी हे नाव महागड्या शाळांच्या पाटीवर जाऊन बसले. गरिबांसाठी जन्मलेली पद्धत श्रीमंतांची ओळख झाली.

याला महाराष्ट्रात ठळक अपवाद ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. 1945 मध्ये बोर्डी इथे आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये त्यांनी काम केले. विकतची साधने बाजूला ठेवून खडे, शंख-शिंपले, बिया आणि पाने वापरली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' त्यातूनच आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. या दोघी सवर्ण समाजातून आलेल्या होत्या आणि गांधीवादी प्रभावाखाली होत्या, म्हणून त्यांचे काम नाकारण्याचे कारण नाही. जे उपयोगी आहे ते घ्यावे, तपासून घ्यावे. बुद्धाने कालामांना हेच सांगितले.

अमेरिकेतही असेच उदाहरण आहे. बॉब मोझेस यांनी 1961 पासून मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीसाठी मार खाल्ला. त्याच माणसाने 1980 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा केला. मुलांना आधी भुयारी रेल्वेतून फिरवायचे, मग त्या प्रवासाचे चित्र काढायचे, मग आपल्या बोलीत त्याबद्दल बोलायचे आणि शेवटी चिन्हांत लिहायचे. पुढची स्थानके धन, मागची ऋण. गणित येणे हा मतदानासारखाच नागरी हक्क आहे, असे ते 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत मांडत राहिले.

विहारात चार कोपरे

आपल्याकडे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढी टिंगल झाली! मंगला नारळीकर यांच्या समितीने मांडलेली अडचण मात्र खरी होती. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येते आणि लिहायचे असते 29. ज्या घरात शिकवायला कोणी आहे, तिथले मूल हे ओलांडते. ज्या घरात नाही, तिथले अडकते. पण टीव्हीवरच्या वादात पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची बाजू कोणी मांडली? आपणही मांडली नाही.

ती बाजू आपण कामातून मांडू शकतो. गावोगावी बुद्धविहारे आहेत, अभ्यासिका आहेत. संध्याकाळी दोन तास चार कोपरे मांडा.

पहिला गठ्ठ्यांचा. खराट्याच्या काड्या, दहाचा एक गठ्ठा. 52 मधून 27 काढायचे तर पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात सुट्या देता येत नाहीत, म्हणून मूल स्वतः एक गठ्ठा सोडते. बारा होतात, सात जातात, पाच उरतात. चार गठ्ठ्यांतले दोन जातात. उत्तर 25. 'हातचा' म्हणजे काय हे त्या सुटलेल्या दोऱ्यात दिसते.

दुसरा दुकानाचा : खोट्या नोटा, रेशनचे भाव, आणि बिल तपासायची सवय. तिसरा मापाचा : वीत, दोरी, मीटरपट्टी, लिटरची बाटली. चौथा आकृत्यांचा : कागदाच्या घड्या, अर्धा, पाव, पाऊण. खर्च शे-दोनशे रुपये. आठवड्याने तेच काम वहीत चिन्हांनी लिहून घ्या, नाहीतर तो खेळच राहील.

दुसरे काम संघर्षाचे. अनेक जिल्हा परिषद शाळांत गणिताचे साहित्य येते आणि हरवेल, खराब होईल म्हणून कपाटात कुलूपबंद राहते. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी बैठकीत एवढेच विचारावे : पेटी कधी उघडली, कोणाच्या मुलांनी हाताळली? हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे भाडे देताना खराट्याच्या काड्यांचाही हिशेब करू या. ज्या हातांना फळ्याजवळ येऊ दिले नाही, त्या हातांच्या नातवंडांना कपाटाची किल्ली मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!