पॅरिसचा ऑपेरा, न्यूयॉर्कचा रंगमंच आणि जर्मन भाषा

डिसेंबर १८८४. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये ‘ल प्रोफेत’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्याचा संगीतकार जाकोमो मायरबेअर बर्लिनजवळ जन्मलेला. संहिता मात्र फ्रेंच, आणि पहिला प्रयोग १८४९ साली पॅरिसमध्ये झालेला. कथानक सोळाव्या शतकातील म्युन्स्टर या जर्मन शहराचे : तेथील आनाबाप्टिस्ट पंथीयांचे बंड आणि स्वतःला प्रेषित म्हणवून घेणारा त्यांचा नेता. असा हा फ्रेंच ऑपेरा अमेरिकेत गायला गेला, तो जर्मन भाषेत.

‘ग्रँड ऑपेरा’ हा पॅरिसमध्ये बहरलेला प्रकार. बहुधा पाच अंक, इतिहासातील एखादा भीषण संघर्ष, प्रचंड समूहगायन, मध्ये बॅले नृत्य आणि डोळे दिपवणारे नेपथ्य. आपल्या संगीत नाटकातल्यासारखे गद्य संवाद त्यात नसतात. सारे गाऊनच सांगायचे. ‘ल प्रोफेत’च्या पॅरिसमधील प्रयोगात चाके लावलेल्या बुटांवर घसरत नर्तकांनी बर्फावरील खेळ दाखवला होता, आणि सूर्योदयासाठी विजेचा दिवा वापरला होता. १८४९ मध्ये! असा खर्चिक संसार न्यूयॉर्कमध्ये मांडायचा तर पैसा कोण देणार, हाच खरा प्रश्न होता.

मेट्रोपॉलिटन मुळात ऑपेराच्या प्रेमापोटी उभे राहिले असे म्हणणे कठीणच. शहरातील जुन्या ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’मध्ये खाजगी बॉक्स केवळ १८, आणि ते जुन्या घराण्यांच्या ताब्यात. व्हँडरबिल्टसारख्या नवश्रीमंतांना तेथे जागा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचे नाट्यगृह बांधले. २२ ऑक्टोबर १८८३ रोजी गुनोच्या ‘फाउस्ट’ने त्याचे उद्घाटन झाले. ऑपेरा फ्रेंच, पण गायला इटालियनमध्ये, कारण प्रतिष्ठित समाजाची ऑपेराची भाषा इटालियन! नामांकित गायकांच्या मानधनाने व्यवस्थापक हेन्री ॲबी एकाच हंगामात लाखो डॉलरच्या खड्ड्यात गेला.

तेव्हा पुढे आला लिओपोल्ड डॅमरॉश. शिक्षणाने वैद्य, पेशाने संगीतकार, १८७१ पासून न्यूयॉर्कवासी. त्याची मांडणी साधी होती. जर्मनीतील गायक तुलनेने कमी मानधनात येतील, आणि शहरात जर्मन स्थलांतरितांची एवढी मोठी वस्ती आहे की तिकिटे स्वस्त ठेवली तर वरचे सज्जे भरतील. संचालकांनी मान्यता दिली. मग जे काही गायचे ते जर्मनमध्येच : वाग्नर आणि बेथोव्हेन तर झालेच, पण मायरबेअर, रोसिनी, आलेवी हेसुद्धा.

‘ल प्रोफेत’ त्या हंगामातील मोठे यश ठरला. प्रेषिताच्या आईची, फिदेसची, भूमिका मारिआने ब्रांटने केली. सत्तेच्या शिखरावर पोहोचलेला मुलगा भर राज्याभिषेकात आईला ओळख देत नाही, हा प्रसंग ज्यांची मातृभाषा जर्मन होती, त्यांना त्या रात्री दुभाष्याविना कळला.

फेब्रुवारी १८८५ मध्ये, हंगाम संपण्यापूर्वीच, न्यूमोनियाने डॅमरॉशचा मृत्यू झाला. जवळपास सारा भार त्याने एकट्याच्या खांद्यावर घेतला होता. उरलेले प्रयोग त्याचा २३ वर्षांचा मुलगा वॉल्टर याने निभावले. पुढील हंगामापासून वाग्नरचा शिष्य अँटन झायडल संगीतसंचालनासाठी आला आणि जर्मन हंगाम १८९१ पर्यंत चालले. बिझेची ‘कारमेन’देखील लिली लेमनने तेथे जर्मनमध्येच गायली.

तथापि बॉक्सचे मालक कंटाळत चालले होते. वाग्नर दीर्घ, शिवाय अंधारात दागिने दिसत नाहीत. ते आपापसांत इतके बोलत की जानेवारी १८९१ मध्ये संचालकांना बॉक्समधील बोलणे थांबवण्याची लेखी विनंती करावी लागली. सज्जातील श्रोते संगीतासाठी येत. इमारत मात्र बॉक्सवाल्यांची होती. त्याच महिन्यात निर्णय झाला : पुढील हंगाम इटालियन आणि फ्रेंच भाषेत.

परिणामी ‘लोहेनग्रिन’सारखा अस्सल जर्मन ऑपेराही आता इटालियनमध्ये गायला जाऊ लागला. श्रोत्यांची मागणी मात्र मिटली नाही. नोव्हेंबर १८९५ मध्ये झायडलच्या संचालनाखाली ‘त्रिस्तान’ पुन्हा मूळ जर्मनमध्ये झाला. त्यात नायक होता झां द रेश्के : वॉर्सामध्ये जन्मलेला पोलिश, कीर्ती फ्रेंच आणि इटालियन भूमिकांतली, आणि वय ४५.