फ्रीडमेन्स ब्यूरोचा स्थानिक अधिकारी

फ्रीडमेन्स ब्यूरोचा स्थानिक अधिकारी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत नेमलेला संघराज्य शासनाचा अधिकारी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मजुरी, पिकाचा वाटा, मुलांचा ताबा, मारहाण इत्यादी बाबतींतील तक्रारी ऐकून तो निवाडा करी. अधिकृत हुद्दा बहुधा उपसहायक आयुक्त. लोक त्याला नुसते ‘एजंट’ म्हणत. न्यायदानाचे काम मुख्यतः १८६५ ते १८६८ या काळातले.

३ मार्च १८६५ च्या कायद्याने हा ब्यूरो युद्धखात्याच्या अखत्यारीत स्थापन झाला. जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड आयुक्त, त्यांच्या हाताखाली राज्यवार सहायक आयुक्त आणि त्याखाली हे स्थानिक अधिकारी, अशी रचना होती. पहिल्या कायद्यात वेगळ्या खर्चाची तरतूदच नसल्यामुळे बहुतेक अधिकारी सैन्यातून घ्यावे लागले. जुलै १८६६ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने ब्यूरोची मुदत वाढविली. सुमारे ४० लाख मुक्त झालेल्यांसाठी एका वेळी ९०० हून अधिक अधिकारी कधीच नव्हते. मिसिसिपी राज्यात १८६६ साली ते अवघे १२ होते. या व्यवस्थेचे पुढे जे झाले, त्याचे निम्मे उत्तर या आकड्यातच आहे.

युद्ध संपले तेव्हा दक्षिणेतील राज्यांच्या न्यायालयांत गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष सामान्यतः ग्राह्य धरली जात नसे. १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी, साउथ कॅरोलायना इत्यादी राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे करून मजुरांचे हातपाय पुन्हा बांधले. यावर उपाय म्हणून हॉवर्ड यांनी त्रिसदस्य पंचायतीची कल्पना मांडली : एक ब्यूरोचा अधिकारी, एक शेतमालकांनी निवडलेला, एक मुक्त झालेल्यांनी निवडलेला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी अधिकारी एकटाच निवाडा करी. अलाबामात सहायक आयुक्त वेजर स्वेन यांनी कृष्णवर्णीयांची साक्ष मानण्याच्या अटीवर राज्याच्या न्यायाधीशांनाच ब्यूरोचे अधिकार दिले. जॉर्जियात सहायक आयुक्त डेव्हिस टिल्सन यांनी स्थानिक गोऱ्या नागरिकांना एजंट नेमले. त्यांचे उत्पन्न करारांवरील शुल्कातून येई आणि शेतमालकांशी त्यांचे लागेबांधेही असत.

पिकाच्या वाटणीचे तंटे : तक्रारींत सर्वांत मोठा भाग यांचा. जानेवारीत लेखी करार होई. अधिकारी तो वाचून दाखवी, मजूर अंगठ्याऐवजी फुली मारी. शिधा मालकाचा असेल तर मजुरांना पिकाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी, स्वतःचा असेल तर निम्म्यापर्यंत. मात्र याचे प्रमाण गावोगाव वेगळे. खरा वाद हिशेबाच्या वेळी उभा राही. मालक खतावणी उघडून मक्याचे पीठ, खारवलेले मांस, तंबाखू, बूट, डॉक्टरची फी अशी उचल वाचत जाई, मग आजारपणाचे व पावसाचे खाडे वजा करी. शेवटी मजुराच्या नावावर काहीच उरत नसे, किंवा उलट देणेच निघे. मजुराला अक्षरओळख नसली तरी कोणत्या आठवड्यात किती पीठ नेले, हे त्याच्या व बायकोच्या तोंडपाठ असे. दक्ष अधिकारी दोन्ही बाजू समोरासमोर बसवून एकेक रक्कम विचारी, करारात नसलेली वजावट खोडी आणि वाटा चुकता होईपर्यंत कापूस विकू नये असा हुकूम काढी. दुसरी नेहमीची तक्रार उन्हाळ्यातली : निंदणी-खुरपणी आटोपली की क्षुल्लक कारणावरून, उद्धटपणाचा ठपका ठेवून, मजुराला कुटुंबासह हाकलून द्यायचे, म्हणजे वाटा देण्याचा प्रश्नच उरत नाही.

मालकाला बोलावण्याची चिठ्ठी पुष्कळदा तक्रारदाराच्याच हाती दिली जाई. कालपर्यंत जो आपला धनी होता, त्याच्या दारात सरकारी कागद घेऊन उभे राहायचे, यात जिवाची जोखीम होती. तरीही नोंदवह्यांतून तक्रारींमागून तक्रारी दिसतात. मुक्तीचा अर्थ या माणसांना कोणी शिकवावा लागला नाही. मात्र १८६६ व १८६७ या लागोपाठ वर्षी पीक बुडाले. तेव्हा निवाडा मजुराच्या बाजूने लागूनही हाती काही पडले नाही, अशी प्रकरणे अनेक.

मुलांचा ताबा : ‘अनाथ’ किंवा ‘पालक पोसू शकत नाहीत’ असे ठरवून मुले शिकाऊ कामगार म्हणून बांधली जात. मिसिसिपीच्या कायद्यात अशा मुलावर पूर्वीच्या मालकाचा अग्रहक्क होता. आया व आज्या मैलोन्‌मैल चालत येऊन मुले परत मागत. मेरीलँडमधील एलिझाबेथ टर्नर या मुलीच्या प्रकरणात सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी १८६७ साली असा करार अवैध ठरविला.

विवाह : नोंदणी, सोडून गेलेले नवरे, मारहाण, विक्रीमुळे ताटातूट होऊन दुसरा संसार थाटलेल्यांचे पेच.

व्यक्ती : साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे १८६६–६८ मध्ये असलेले कादंबरीकार जॉन विल्यम डी फॉरेस्ट यांनी कामाचे तपशीलवार वर्णन लिहिले, म्हणून त्यांचा उल्लेख सर्वत्र येतो. त्यांची दृष्टी मुक्त झालेल्यांविषयी फारशी उदार नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे. कृष्णवर्णीय अधिकारी मोजके. त्यांपैकी हिल्टन हेड येथील मेजर मार्टिन डिलेनी महत्त्वाचे.

१८६६ अखेर बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांकडे परत गेले. अधिकारी तेथे फक्त देखरेख करी. सैन्य कमी होत गेले, तसा हुकूमही पोकळ ठरू लागला. टेक्ससमधील अधिकारी विल्यम कर्कमन यांचा ऑक्टोबर १८६८ मध्ये खून झाला. त्या वर्षाअखेर बहुतेक कामे थांबली आणि १८७२ मध्ये ब्यूरो बंद झाला. पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले; गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले आहे.

मूल्यमापनाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इतिहासकारांनी ब्यूरोला लुडबुड्या ठरविले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०१ च्या लेखात त्याच्या चुका व थोरवी दोन्ही मांडली. करारांची सक्ती करून त्याने मजुरांना मळ्यांनाच जखडले, हा अलीकडचा आक्षेप पुराव्याला धरून आहे. पण ब्यूरोखेरीज इतरत्र मजुरांची फिर्याद लिहून घेणारेही कोणी नव्हते.

साधने : तारीख, तक्रारदार, प्रतिवादी, तक्रार व कारवाई असे रकाने असलेल्या नोंदवह्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८५० व १८६० च्या जनगणनांतील गुलामांच्या याद्यांत सामान्यतः नावे नव्हती, वय, लिंग व वर्ण एवढेच. त्यामुळे १८७० च्या जनगणनेआधी अनेक कुटुंबांचे पूर्वज नावानिशी आढळतात ते याच नोंदवह्यांत, बहुधा तक्रारदार म्हणून.