नियोगींच्या खटल्याच्या तीन पायऱ्या

२७ सप्टेंबर १९९१. तुम्ही रायपुरात आहात. शहर अजून मध्य प्रदेशात आहे. छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे शंकर गुहा नियोगी आज इथे आलेत. रात्री उशिरा ते भिलाईला परततात. तिथल्या कारखान्यांत कंत्राटी कामगार कायम नोकरीसाठी, जगण्यापुरत्या मजुरीसाठी झुंजताहेत. पहाटे, झोपेतच, खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडली जाते. वय ४८. दल्ली राजहरा या खाणींच्या गावात अंत्ययात्रेला खाणकामगार लोटतात. मोर्चाच्या लाल-हिरव्या झेंड्यांच्या त्या गर्दीत हे कुणी करवलं, याची खात्री नसलेला माणूस तुम्हाला सापडत नाही. पुरावा जमवणं मात्र सीबीआयकडे जातं.

२३ जून १९९७. दुर्गचं सत्र न्यायालय. सहा जण दोषी : गोळी झाडल्याबद्दल पलटन मल्लाहला फाशी, कट रचल्याबद्दल दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप. तुम्ही सुटकेचा श्वास सोडता. पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही, आणि दोषी ठरलेल्या प्रत्येकाला अपिलाचा हक्क आहे. कागदपत्रं जबलपूरला, उच्च न्यायालयाकडे जातात.

२६ जून १९९८. जबलपूर. अपिलात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. आधीच नोंदवलेली साक्ष आणि जप्ती पुन्हा पारखली जाते. मल्लाहने आपल्याकडे गुन्हा कबूल केला, असं सांगणाऱ्या साक्षीदारावर न्यायालय विश्वास ठेवत नाही. आपल्या जिवाला धोका आहे, हे नियोगींनी स्वतःच्या आवाजात कॅसेटवर बोलून ठेवलं होतं. तेही पुरत नाही. सहाही जण निर्दोष सुटतात.

२० जानेवारी २००५. दिल्ली. रायपूर आता छत्तीसगड या नव्या राज्याची राजधानी आहे. सर्वोच्च न्यायालय त्या कबुलीवर विश्वास ठेवतं. झडतीत त्रुटी राहिली म्हणून हाती आलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असं सांगतं. मल्लाहला जन्मठेप. बाकी पाच जणांची निर्दोष सुटका कायम राहते, कारण कट सिद्ध झालेला नाही.

तुमच्या शेजारी उभ्या कामगाराला हे पचवणं कठीण आहे. तरीही गर्दीच्या खात्रीवर कुणाला तुरुंगात धाडता कामा नये. उद्या तीच खात्री एखाद्या कामगार पुढाऱ्याविरुद्धही उभी राहील. म्हणूनच तपासातली ढिलाई मला अक्षम्य वाटते. पहिल्या काही दिवसांत निसटलेला पुरावा वरच्या कुठल्याही न्यायालयाला परत आणता येत नाही. नियोगींना कुणी मारवलं, याचं कोर्टात टिकणारं उत्तर कामगारांना मिळालं नाही, आणि ते मागत राहण्याचा त्यांचा हक्क त्या निकालाने संपलेला नाही.