३ जून १८९९ : जॉर्ज फॉन बेकेशी यांचा जन्म

बुडापेस्टच्या बेकेशींनी टेलिफोनच्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता कानाचा अभ्यास आरंभला. मृतदेहाच्या अंतर्कर्णातली शंखाकृती नळी पाण्याखाली उघडायची, आतल्या नितळ पडद्यावर चांदीचे कण टाकायचे आणि लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. ध्वनीची लाट त्यांना सरकताना दिसली; तार स्वर नळीच्या सुरुवातीला, खर्जातले टोकाकडे जोर धरतात. केवढा संयम! १९६१चे नोबेल त्याचेच. १९६५मध्ये त्यांची हार्वर्डमधली प्रयोगशाळा जळाली. साठी उलटली होती, तरी ते थांबले नाहीत. हवाई विद्यापीठाने त्यांच्यासाठी ज्ञानेंद्रियांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. १९६६मध्ये ते होनोलुलूला गेले आणि १९७२मध्ये निधन होईपर्यंत तिथेच रमले.