स्तनसंरक्षक शस्त्रक्रिया आणि परळचा प्रवास : एक ऐतिहासिक टिपण

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन व त्याखालील स्नायू काढण्याची हॉल्स्टेड यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. व्हेरोनेसी (१९८१) व फिशर (१९८५) यांच्या चाचण्यांनी तिला छेद दिला. लहान गाठ काढून किरणोपचार दिल्यास रुग्णाचे आयुर्मान घटत नाही, हे त्यांतून सिद्ध झाले.

मोठ्या आकाराच्या स्तनांत मात्र किरणांची मात्रा सर्वत्र सारखी बसविणे कठीण जाते. त्यामुळे गाठीसोबतच स्तनाचा आकार कमी करून उर्वरित भागाची पुनर्रचना करणारी ऑन्कोप्लास्टिक पद्धत १९९० नंतर पुढे आली.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील स्त्रियांसाठी हा प्रश्न निव्वळ शस्त्रक्रियेचा नव्हता. १९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हा त्यांचा मोठा आधार. किरणोपचार तेव्हा पाच-सहा आठवड्यांचे असत, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे लोकलच्या गर्दीतून पंचवीस-तीस फेऱ्या. (घरच्या स्वयंपाकाचा विचार वेगळाच.) अशा स्थितीत संपूर्ण स्तन काढण्यास दिलेल्या संमतीला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्रिटनमधील २०२० च्या चाचणीने निवडक रुग्णांत एका आठवड्यातील पाच मात्राही पुरेशा ठरतात, असे दाखविले.