महाविद्यालयाच्या दारातील परभाषा
अमेरिकेतील हार्वर्डचे दार १६४० च्या दशकात लॅटिनने उघडत असे. सिसेरो पूर्वतयारीविना उलगडावा, लॅटिनमध्ये गद्यपद्य रचता यावे, ग्रीक नामाधातूंची रूपे अचूक चालवता यावीत. वर्षे कोण मोजतो! १८८३ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स यांनी, दोन राष्ट्राध्यक्षांच्या या वंशजाने, तेथेच सक्तीच्या ग्रीकवर कोरडे ओढले. त्याच दशकात ग्रीकला पर्याय मिळाला. पुढे १९०६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने अध्ययनाला काळाचे माप लावले आणि ‘काय येते?’ हा प्रश्न ‘किती शिकला?’ यावर घसरला. आज हार्वर्ड एकाच परभाषेच्या चार वर्षांची केवळ शिफारस करते. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र दोन वर्षे मागतेच, तीन सुचवते. पण परीक्षेने प्रावीण्य दाखवणाऱ्याला तेथे वर्षांचा हिशेब द्यावा लागत नाही.